तेरा नंबर लागतो, दोन नंबर निघतो: शाळेच्या बुटांचे माप

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा तिसरीत आहे. शाळा सुरू होण्याआधी, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, तुम्ही त्याला काळे लेसचे बूट घेतले. तेरा नंबर अंगठ्याला लागत होता, म्हणून दुकानदाराने दोन नंबर दिला आणि ‘वाढत्या अंगाचा आहे, वर्षभर बघायला नको’ असे सांगितले. दोन आठवड्यांत दोन्ही टाचांवर फोड आले, बूट चालताना निघतो, आणि मुलगा घरी आला की पहिल्यांदा बूट भिरकावतो. शाळेने बूट एका ठरावीक दुकानातूनच घ्यायला सांगितले आहेत. आता तेरा घ्यावा की दोनच कापूस भरून चालवावा, आणि महागड्या कंपनीचा घेतला तर हा त्रास टळेल का, असे तुम्ही विचारले आहे. घरी मोजलेले पायही तुम्ही कळवलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले: उजवा 20.8 सेंटिमीटर, डावा 20.5.

मी नागपुरातल्या सीताबर्डीच्या दुकानात 27 वर्षे मुलांच्या पायांची मापे घेत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या मुलाला तेराही नको आणि दोनही नको, त्याला एक नंबर हवा आहे. तो नंबर तुम्हाला कोणी दाखवलाच नाही. बहुधा तो त्या दिवशी दुकानात शिल्लक नव्हता.

इथे पुष्कळ पालकांचा गोंधळ होतो, कारण ‘एक नंबर’ म्हटले की बाळाचा बूट डोळ्यांसमोर येतो. आपल्याकडे चालणारी मापे मूळ इंग्रजी पद्धतीची आहेत. तीत लहान मुलांचे नंबर शून्यापासून तेरापर्यंत जातात आणि तेरानंतर मोठ्यांची मालिका पुन्हा एकपासून सुरू होते. म्हणजे तेराच्या पुढचा नंबर चौदा नसून एक आहे, आणि तेरातून थेट दोनवर जाणे म्हणजे मधला एक नंबर गाळणे. या पद्धतीत दोन नंबरांमधले अंतर इंचाचा तिसरा भाग असते, म्हणजे जवळपास साडेआठ मिलिमीटर. हिशेबाने तेरा नंबरची लांबी सुमारे 212 मिलिमीटर येते, एकची 220 आणि दोनची 229. तुमच्या मुलाचा मोठा पाय 208 मिलिमीटरचा आहे. तेरात त्याच्या अंगठ्यापुढे जेमतेम चार मिलिमीटर उरतात, म्हणून तो लागतो. दोनमध्ये एकवीस उरतात, म्हणून पाय आत पोहतो. एकमध्ये बारा उरतात. या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास मात्र ठेवू नका. प्रत्येक कंपनीचा फर्मा, म्हणजे ज्या ठोकळ्यावर बूट ओढून शिवतात तो, वेगळा असतो. टोकदार बुटाची पुढची काही जागा बोटांच्या उपयोगाचीच नसते, आणि एका कंपनीचा एक नंबर दुसरीच्या तेराएवढा निघालेला मी अनेकदा पाहिला आहे. नंबर हा शोध कुठून सुरू करायचा एवढेच सांगतो.

मग पुढे किती जागा सोडावी? माझा नेम दहा ते बारा मिलिमीटरचा आहे, साधारण मोठ्या माणसाच्या बोटाच्या रुंदीएवढा. त्यातले पाच-सहा मिलिमीटर चालण्यासाठीच लागतात, कारण पूर्ण भार पडला की पाय थोडा पसरतो आणि प्रत्येक पावलाला किंचित पुढे सरकतो. उरलेली जागा वाढीची. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा पाय वर्षाला साधारण एक नंबर वाढतो, चार-पाच वर्षांच्या मुलाचा याहून बराच भरभर. म्हणजे तुमच्या मुलाला सोडलेली सहा-सात मिलिमीटरची वाढीव जागा आठ-नऊ महिने पुरेल आणि मार्च-एप्रिलमध्ये बूट अंगठ्याला टेकू लागेल. शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत एक जोड पुरावा ही प्रत्येक आईबापाची इच्छा असते आणि ती मला पूर्ण कळते, पण पायाची वाढ शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे होत नाही. काही मुलांचा पाय सहा महिने तसाच राहतो आणि मग दोन महिन्यांत एकदम उठतो. हे आधी कोणीच सांगू शकत नाही, मीही नाही.

‘थोडा मोठा असला तर काय बिघडले, पाय वाढणारच आहे’ हा विचार चुकतो कुठे, हे मी माझ्या घरातच शिकलो, म्हणून ते सविस्तर सांगतो. माझी मुलगी चौथीत असताना दुकानात एका जुन्या डिझाइनचे शेवटचे दोन जोड उरले होते. बूट चांगला, शिलाई पक्की, फक्त तिच्या पायापेक्षा दोन नंबर मोठा. मी पुढे कापसाचा बोळा कोंबला, वरून जाड इनसोल, म्हणजे बुटाच्या आत तळाला बसणारी गादी, टाकला आणि तिला शाळेत पाठवले. महिन्याभरात ती शाळेच्या पायऱ्यांवर दोनदा पडली. ‘धावत असेल’ असे म्हणून मी दुर्लक्ष केले. एका रविवारी पॉलिश करायला तो जोड हातात घेतला, तेव्हा माझ्या लक्षात आले की बुटावर पडलेली घडी चुकीच्या जागी होती. बूट वाकण्याची एक ठरलेली जागा असते, चवड्याच्या वर, जिथे अंगठ्याचा मूळ सांधा येतो. तिथेच बूट सर्वांत रुंद असतो, तिथेच सोल मऊ ठेवलेला असतो आणि त्याच्या मागचा भाग मुद्दाम ताठ केलेला असतो. तिचा पाय लहान असल्यामुळे तिचा सांधा त्या जागेच्या दीड-एक सेंटिमीटर मागे पडत होता. बूट जिथे वाकत होता तिथे तिची बोटे होती, आणि पाय जिथे वाकायला बघत होता तिथे बूट ताठ होता. पुढे भरलेला कापूस यातले काहीच बदलू शकत नव्हता. तो फक्त पाय पुढे सरकू देत नव्हता. लांबी दोन नंबरांनी वाढली की बुटाची रुंदी, कमान, टाचेची वाटी (टाच जिच्यात बसते तो मागचा ताठ भाग), सगळेच पुढे सरकते आणि सगळेच सैल पडते. त्या दिवसापासून कापूस भरून द्यायला मी गिऱ्हाइकाला नकार देतो, आणि त्यापायी काही गिऱ्हाइके गेलीही आहेत.

तुमच्या मुलाच्या टाचेवरचे फोडही यातूनच आले आहेत. लोकांना वाटते की फोड घट्ट बुटाने येतो. टाचेच्या मागचा फोड बहुतेक वेळा सैल बुटानेच येतो, कारण टाच प्रत्येक पावलाला वर उचलली जाते आणि मागच्या काठावर घासते. सकाळच्या प्रार्थनेपासून शाळा सुटेपर्यंत हे हजारो वेळा होते. त्यात जुलैचा पाऊस, ओला पायमोजा आणि भिजून मऊ पडलेली कातडी, मग दोन आठवडेही लागत नाहीत.

आता माप कसे घ्यायचे. तुम्ही घेतलेले माप चांगले आहे, तरी दुकानात जाण्याआधी एकदा असे ताडून पाहा. संध्याकाळी घ्या, कारण दिवसभराच्या चालण्याने आणि उकाड्याने पाय किंचित फुगलेला असतो. सकाळी बरोबर वाटलेला बूट दुपारी दोनला लागू शकतो. मुलाला शाळेचाच पायमोजा घालून भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे करा. बसलेल्या मुलाचे माप घेऊ नका, भार पडल्याशिवाय पाय पसरत नाही. सगळ्यांत लांब बोटाला, ते कधी कधी अंगठ्याशेजारचे बोट असते, वहीची कड उभी टेकवून कागदावर खूण करा. पेन्सिल तिरकी धरून पायाभोवती रेघ काढली की ती पायाखाली शिरते आणि माप दोन-तीन मिलिमीटर कमी येते. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाप्रमाणे बूट घ्या. तुमच्या मुलाच्या पायांत तीन मिलिमीटरचा फरक आहे, तो अगदी सामान्य आहे. डाव्या बुटात एक पातळ इनसोल टाकला की तेवढ्याने भागते.

दुकानात गेल्यावर मात्र अंगठ्याने बुटाचे टोक दाबून पाहण्याची सवय सोडा. मी हे रोज पाहतो. आई वाकते, बुटाच्या टोकावर अंगठा दाबते, आणि नेमक्या त्या क्षणी मूल आतल्या आत बोटे आखडून घेते. ते मुद्दाम करत नाही, दाबले की बोटे आपोआप आखडतात. आईला पुढे भरपूर जागा आहे असे वाटते आणि ती एक नंबर कमीचा मागते. त्याऐवजी बुटातला इनसोल बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि मुलाला त्यावर उभे करा. टाच मागच्या काठाला बरोबर लावली की पुढे किती जागा उरली हे उघड्या डोळ्यांनी दिसते. चवड्याची कड इनसोलच्या बाहेर जाते का, हेही तिथेच कळते. करंगळीची बाजू इनसोलबाहेर ओसंडत असेल तर तो बूट लांबीला कितीही बरोबर असला तरी अरुंद आहे, आणि नंबर वाढवून रुंदी मिळवण्याच्या नादात पुन्हा ढिल्या टाचेवर याल. तेव्हा दुसरा साचा, दुसरी कंपनी मागा. इनसोल चिकटवलेला असेल तर वहीच्या कागदावर काढलेला पाय कातरून घेऊन जा आणि तो बुटाच्या तळव्याला लावून पाहा. तळवा आतल्या जागेपेक्षा थोडा मोठा असतो, म्हणून अंदाजच येतो, पण अंगठ्याने दाबण्यापेक्षा तो बरा.

रुंदीचा हा मुद्दा आपल्या मुलांना जरा जास्तच लागू पडतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले आणि त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धत सुचवली. भारतीय पाय युरोपीय-अमेरिकी पायांपेक्षा रुंद असतात, हा त्यातला एक ठळक निष्कर्ष. मला त्यात नवल वाटले नाही. ती मापे दुकानातल्या सगळ्या जोडांवर येईपर्यंत इनसोलवर उभे करणे हाच आपला मापदंड.

बूट घातल्यावर टाच मागे ठोकून बसवा आणि मगच लेस बांधा. हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा म्हणतो. लेसचे काम पाय मागे, टाचेच्या वाटीत, दाबून धरण्याचे आहे. मूल न सोडलेल्या लेसमध्ये पाय कोंबत असेल आणि मागची कड चुरगाळत असेल, तर चांगल्यातला चांगला बूटही आठवड्यात सैल पडतो. तिसरीतल्या मुलाला लेस बांधता येत नसेल आणि शाळेची हरकत नसेल, तर वेल्क्रोचा बूट घेण्यात काहीच कमीपणा नाही. मुलींच्या बुटांत मात्र वरून पट्टा असलाच पाहिजे. बिनपट्ट्याचा, नुसता सरकवायचा बूट पायावर टिकतो तो बोटांना आवळूनच, आणि आवळला नाही तर निघतो. टाचेची वाटी कशी आहे हे पाहायचे असेल तर मागून दोन बोटांत धरून दाबा. ती सहज चेपली जात असेल तर तो जोड परत ठेवा. मग बुटाचे टोक वर वळवा. तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, मधोमध मोडता कामा नये.

मुलाला विचारायचे कसे, हेही सांगायला हवे. ‘बरोबर आहे ना रे, लागत नाही ना?’ असे आईने विचारले की मूल आईच्या चेहऱ्याकडे बघते आणि ‘नाही’ म्हणते. त्याला नवा बूट हवा असतो, किंवा घरी जायचे असते. मी त्याला दुकानाच्या दारापर्यंत चालायला लावतो, दोन पायऱ्या उतरून पुन्हा चढायला लावतो आणि मग विचारतो, ‘आता एकच बूट काढायचा असेल तर कोणता काढशील?’ उत्तर चटकन आले तर त्या पायात काहीतरी आहे. मागच्याच महिन्यात एका मुलाने ‘हा, कारण याच्यात करंगळी झोपून जाते’ असे सांगितले. त्याच्या वडिलांनी तोवर पैसे काढले होते.

किमतीबद्दल. महाग बुटात चामडे चांगले असते, अस्तर चांगले असते, शिलाई टिकते, पण माप चुकले तर तो महाग फोड देतो, एवढेच. नागपुरात शाळेच्या बुटाला पहिले दोन महिने पावसाचे आणि पुढे धुळीचे असतात. त्यामुळे मी अस्तर कापडी आहे का आणि सोल चिकटवला आहे की शिवला आहे एवढे पाहायला सांगतो. कित्येक वर्षे गोदामात पडलेला जोड सवलतीत मिळाला तरी नीट दाबून पाहा, कारण पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचे, सोल न वापरताही जुने होऊन भुगा होतात. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्र भरून पंख्याखाली ठेवा, गॅसजवळ नको, आणि पायमोजा रोज बदला.

मोठ्या भावाचा बूट धाकट्या बहिणीला द्यावा का, हेही तुम्ही शेवटी विचारले आहे. बूट टेबलावर ठेवून मागून पाहा. टाच एका बाजूला झिजून बूट कलला असेल तर तो भावाच्या चालीचा साचा झाला आहे, देऊ नका. दोन-चारदाच घातलेला आणि सरळ उभा राहणारा असेल तर मापाने बसल्यावर हरकत नाही. तिच्या तळव्याची कमान दिसत नाही म्हणून आधाराचे इनसोल घ्यावेत का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘स्वतःहून नको’ हेच आहे. पाच-सहा वर्षांपर्यंत पुष्कळ मुलांचे तळवे सपाटच दिसतात. मणिपालच्या राव आणि जोसेफ या अस्थिरोग तज्ज्ञांनी 1992 मध्ये 2300 भारतीय मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत लहानपणापासून बूट वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचे प्रमाण अनवाणी वाढलेल्या मुलांपेक्षा जास्त आढळले होते. घरी आल्यावर दोघांनाही अनवाणी फिरू द्या. पाय दुखत असेल, मूल लंगडत असेल, किंवा एकच तळवा वेगळा दिसत असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, ते माझे काम नाही.

शाळेने नेमून दिलेल्या दुकानाबद्दल एवढेच की इनसोल बाहेर काढून पाहण्याला कोणताही दुकानदार नाही म्हणू शकत नाही, आणि म्हणत असेल तर जोड न घेता परत या. नवा जोड पहिले दोन दिवस घरातच, फरशीवर, संध्याकाळी अर्धा तास घालायला द्या. सोल स्वच्छ असला की बहुतेक दुकानदार नंबर बदलून देतात, रस्त्यावर एकदा गेला की ते हात वर करतात आणि त्यांचेही चूक नसते. ज्यांची मुले जिल्हा परिषदेच्या किंवा महानगरपालिकेच्या शाळेत आहेत आणि ज्यांना गणवेशासोबत बूट मिळतात, त्यांनी मुलाचा नुसता नंबर न कळवता पायाची लांबी मिलिमीटरमध्ये लिहून द्यावी. मागच्या वर्षीचा नंबर जुळवून दिला तर बूट नेमका एक नंबर कमी येतो.

तुमच्या घरी असलेल्या दोन नंबरच्या जोडाचे काय करायचे? दुकानदार बदलून देणार नसेल तर तो टाकू नका. सोल धुऊन, कोरडा करून, खोक्यात कागद भरून ठेवा. हिशेबाने पुढच्या जूनच्या सुमारास तो मुलाला बरोबर यावा, पण तेव्हाही इनसोलवर उभे करूनच ठरवा. सध्या एक नंबर घ्या. तो मिळेपर्यंत चार दिवस शाळेत विनंती करून सँडल घालू द्या, टाचेचे फोड आधी सुकू द्या. नवा बूट घातल्याच्या पहिल्या आठवड्यात रोज शाळेतून आल्यावर पायमोजा काढून टाच, करंगळी आणि अंगठ्याचे नख पाहा. पायमोज्याच्या विणीचे वळ उठलेले असतील तर काळजी नाही, ते थोड्या वेळात जातात. तासाभरानंतरही एकाच जागी लाल डाग राहिला तर बूट घेऊन दुकानात जा, आणि मुलालाही सोबत न्या.